शून्य आणि एक: थोर गणिती लायब्निझ यांचे जीवनदर्शन

चंद्रभागेच्या काठचे पंढरपूर म्हणजे वारकऱ्यांचे माहेर. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांच्या वेळी ही नगरी भाविकांनी फुलून जाते. वारी सरली की गावाचा दुसरा चेहरा दिसू लागतो. तो असतो शिकणाऱ्या तरुणांचा. आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली शिक्षणासाठी येथे येतात, संगणकाचे वर्ग करतात आणि नोकरीच्या वाटेवर उपयोगी पडेल म्हणून एखादी प्रमाणपत्र परीक्षा देतात. सोलापूर जिल्हा पुणे धर्मप्रांतात येतो. आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतीही आज याच वाटेने जात आहेत.

संगणकांचे जाळे कसे जोडावे याची, म्हणजे नेटवर्किंगची, परीक्षा देणाऱ्यांना एक प्रश्न हमखास भेटतो. केवळ शून्य आणि एक या दोन अंकांनी लिहिलेली संख्या आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत कशी मांडायची? कागदावर १११०० असे लिहिलेले असते. ते अकरा हजार शंभर नसते, अठ्ठावीस असते. विठ्ठलाच्या आरतीत ज्या अठ्ठावीस युगांचा उल्लेख आहे, तीच ही संख्या. फक्त वेष निराळा. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे हे रूपांतर डोक्यात आणि हातात असावेच लागते. पुष्कळ विद्यार्थी ते घोकून पाठ करतात आणि परीक्षेच्या ताणात विसरतात.

हे गणित ज्यांनी जगासमोर सुसंगतपणे मांडले, त्या गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ यांच्या जीवनाची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत. लायब्निझ कॅथलिक नव्हते, ते लुथरपंथीय होते. तरीही त्यांचे सारे आयुष्य कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सहवासात, तिच्याशी संवाद करण्यात आणि तुटलेले ख्रिस्ती ऐक्य पुन्हा सांधण्याच्या ध्यासात गेले. शून्य आणि एक या अंकांत त्यांना हिशेबाची सोय दिसली, तसेच परमेश्वराच्या निर्मितीचे चित्रही दिसले. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या वाचकांच्याही जवळचे आहे.

पित्याच्या ग्रंथालयातील बालक

लायब्निझ यांचा जन्म १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतील लायप्झिग या शहरी झाला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट राजांमध्ये पेटलेले तीस वर्षांचे युद्ध त्या वेळी अखेरच्या टप्प्यात होते. १६४८ साली ते संपले, तेव्हा जर्मनीतील कित्येक गावे ओसाड झाली होती. ख्रिस्ताला मानणाऱ्यांनीच ख्रिस्ताला मानणाऱ्यांचे रक्त सांडले होते. त्या जखमा पाहतच हे बालक मोठे झाले. पुढे ऐक्याचा जो ध्यास त्यांना लागला, त्याची मुळे या काळात आहेत, असे आम्हांस वाटते.

वडील फ्रेडरिक हे विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलगा सहा वर्षांचा असताना ते निवर्तले. त्यांच्यामागे राहिले ते ग्रंथालय. काही काळाने ते या मुलासाठी उघडण्यात आले आणि त्याने लॅटिन भाषा बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नानेच आत्मसात केली. आई कॅथरिना हिने त्याला भक्तिभावाने वाढवले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १६६१ साली, त्याने लायप्झिग विद्यापीठात प्रवेश घेतला. १६६३ साली येना येथे एर्हार्ड वायगेल या गणिताच्या प्राध्यापकांचा सहवास त्याला लाभला. हे वायगेल चारच अंकांत मोजणी करण्याचा पुरस्कार करीत. दहा अंकांवाचूनही संख्या लिहिता येतात, हे या तरुणाने बहुधा तेथेच प्रथम मनावर घेतले असावे.

विसाव्या वर्षी त्यांनी कायद्याच्या डॉक्टरेटसाठी अर्ज केला, पण लायप्झिगमध्ये ती पदवी त्यांना नाकारण्यात आली. ते अल्टडॉर्फ विद्यापीठात गेले आणि तेथे ती सन्मानाने मिळवली. तेथे प्राध्यापकपदही देऊ करण्यात आले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही; त्यांना विद्यापीठाच्या भिंतींबाहेरच्या जगात काम करायचे होते.

आर्चबिशपांच्या सेवेत

तरुण लायब्निझ यांना पहिला आश्रय दिला तो कॅथलिकांनी. बॅरन बॉइनबुर्ग हे लुथरपंथ सोडून कॅथलिक झालेले मुत्सद्दी होते. त्यांच्या ओळखीने लायब्निझ माइन्झचे आर्चबिशप योहान फिलिप फॉन शॉनबोर्न यांच्या दरबारी कायद्याच्या सुधारणेचे काम करू लागले. कालपरवापर्यंत जे दोन पंथ एकमेकांवर तलवार उगारत होते, त्यांतील एका पंथाचा तरुण दुसऱ्या पंथाच्या आर्चबिशपांच्या विश्वासास पात्र ठरला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

१६७२ साली ते राजकीय कामगिरीवर पॅरिसला गेले. काम साधले नाही, पण तेथे ख्रिस्तियान हायगन्स या शास्त्रज्ञांचे मार्गदर्शन मिळाले आणि चार वर्षांत लायब्निझ युरोपातील अग्रगण्य गणिती झाले. पास्कल यांचे यंत्र बेरीज-वजाबाकी करीत असे. लायब्निझ यांनी गुणाकार-भागाकारही करणारे यंत्र योजले आणि १६७३ साली त्याचा नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवला. १६७५ साली त्यांनी कलनशास्त्राची अशी चिन्हे घडवली की महाविद्यालयात शिकणारी आपली मुले आजही तीच चिन्हे वापरतात.

१६७६ साली हॅनोव्हरचे ड्यूक योहान फ्रेडरिक यांनी त्यांना ग्रंथपाल व सल्लागार म्हणून बोलावून घेतले. हे ड्यूकही धर्मांतराने कॅथलिक झालेले होते. येथून पुढे चाळीस वर्षे हॅनोव्हर हेच त्यांचे गाव झाले.

दोनच अंकांचे गणित

१५ मार्च १६७९ ही तारीख असलेल्या एका लॅटिन हस्तलिखितात लायब्निझ यांनी द्विमान पद्धतीचे नियम मांडले आहेत. द्विमान संख्या दशमानात कशी आणायची, दशमान संख्या द्विमानात कशी न्यायची, बेरीज आणि गुणाकार कसे करायचे, हे सर्व त्यात आहे. एवढेच नव्हे, तर छिद्रे असलेल्या पेटीतून गोट्या सोडून हेच गणित करणाऱ्या यंत्राचीही कल्पना तेथे आहे. छिद्र उघडे असेल तर एक, बंद असेल तर शून्य. हे यंत्र कधी बांधले गेले नाही. त्यांचे प्रत्यक्षात आलेले गणकयंत्र दशमानच होते.

ज्यांना परीक्षेसाठी हे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी आम्ही ते आपल्या बाजारातील उदाहरणाने सांगतो. किलोग्रॅम येण्यापूर्वी आपल्याकडे छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर आणि शेर ही वजने होती. दोन छटाकांचे एक नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. प्रत्येक वजन आधीच्या दुप्पट. दुकानदाराजवळ प्रत्येकी एकच वजन असले, तरी छटाकापासून अच्छेरापर्यंतच्या चार वजनांत तो एक ते पंधरा छटाकांपर्यंतचा कोणताही माल तोलू शके. तेरा छटाक हवे असतील तर अच्छेर ठेवायचा, पावशेर ठेवायचा, नवटाक ठेवायचे नाही, छटाक ठेवायचे. ठेवले तेथे एक, न ठेवले तेथे शून्य. झाली संख्या ११०१. थोड्या वजनांत पुष्कळ माल तोलण्याचे हे उदाहरण लायब्निझ यांनीही १७०३ सालच्या आपल्या निबंधात दिले आहे.

शाळेत आपण एकं, दहं, शतं, सहस्र असे म्हणतो. तेथे प्रत्येक स्थान उजवीकडून डावीकडे दहापट होते. द्विमानात प्रत्येक स्थान दुप्पट होते: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. आता १११०० घ्या. उजवीकडून पहिले स्थान एकाचे, तेथे शून्य. दुसरे दोनाचे, तेथेही शून्य. मग चार, आठ आणि सोळा या तिन्ही स्थानी एक. चार, आठ व सोळा यांची बेरीज अठ्ठावीस. उजवीकडचे पहिले स्थान दोनाचे नसून एकाचे आहे, हे विसरल्याने अनेकांचे उत्तर नेमके दुप्पट येते, एवढे ध्यानी ठेवावे.

दुसरी रीत याहून जलद आहे. डावीकडून सुरुवात करायची. हाती असलेल्या संख्येची दुप्पट करायची आणि पुढचा अंक मिळवायचा. १११०० मध्ये प्रथम १. त्याची दुप्पट २, त्यात १ मिळवून ३. त्याची दुप्पट ६, त्यात १ मिळवून ७. पुढे शून्य आहे, म्हणून नुसती दुप्पट १४. पुन्हा शून्य, म्हणून २८. उलट जायचे असेल तर निम्मे करीत जायचे. २८ चे निम्मे १४, बाकी शून्य. १४ चे निम्मे ७, बाकी शून्य. ७ चे निम्मे ३, बाकी एक. ३ चे निम्मे १, बाकी एक. १ चे निम्मे शून्य, बाकी एक. बाकी खालून वर वाचली की १११०० परत मिळते.

या संख्येच्या उजवीकडे आणखी तीन शून्ये लिहिली तर ती ११११ होत नाही की अठ्ठावीसही राहत नाही. ती १११००००० होते, आणि तिची किंमत आठपट, म्हणजे २२४ होते. नेटवर्किंगच्या विद्यार्थ्यांना हा २२४ सबनेट मास्कमध्ये वारंवार भेटतो. शून्याला स्वतःची किंमत नाही, पण आपल्या जागी उभे राहून ते शेजारच्या एकाची किंमत वाढवते.

आधीचे वाटसरू

या वाटेवर लायब्निझ एकटे नव्हते. हुआन कारामुएल हे सिस्टर्शियन व्रतस्थ, मूळचे स्पेनचे आणि पुढे इटलीत बिशप झालेले विद्वान. १६७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गणितग्रंथात त्यांनी दोनाच्या पायावरील संख्या छापून मांडल्या होत्या. पुढे ते विजेवानो या धर्मप्रांताचे बिशप झाले. तेथील कॅथेड्रलचा दर्शनी भाग त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला. संगणकाच्या अंकांचा एक आद्य लेखक कॅथलिक बिशप होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आपल्या भूमीतील पिंगलाचार्यांचे स्मरण तर केलेच पाहिजे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रचलेल्या त्यांच्या छंदःशास्त्रात लघू आणि गुरू या दोनच मात्राभेदांतून वृत्ते कशी बनतात, याचा विचार आहे. मराठीच्या तासाला य, म, त, र, ज, भ, न, स हे गण आपण सर्वांनी पाठ केले आहेत. तीन अक्षरे, प्रत्येक लघू किंवा गुरू. म्हणून गण बरोबर आठ. वृत्ताच्या क्रमांकावरून त्याचे लघुगुरू शोधण्याची रीत म्हणजे नष्ट, आणि लघुगुरूंवरून क्रमांक शोधण्याची रीत म्हणजे उद्दिष्ट. पहिलीत निम्मे करीत जातात, दुसरीत दुप्पट करीत जातात. परीक्षार्थी आज तेच करतो. पंढरीच्या वाटेवर गायला जाणारा अभंग लघुगुरू पाहत नाही, तो अक्षरे मोजतो. मोरोपंत आणि वामन पंडित यांच्या गणवृत्तांत मात्र पिंगलाचा हा हिशेब जागोजागी आहे.

निर्मितीचे चित्र

लायब्निझ यांचे वेगळेपण असे की या हिशेबात त्यांना श्रद्धेचा अर्थ दिसला. पवित्र शास्त्र सांगते की परमेश्वराने सारे काही शून्यातून निर्माण केले. जानेवारी १६९७ मध्ये वोल्फेनब्युटेलचे ड्यूक रुडॉल्फ ऑगस्ट यांना नववर्षाच्या शुभेच्छा देताना त्यांनी एका पदकाची कल्पना मांडली. एका बाजूला ड्यूकची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला अंधारावर पडणारा प्रकाश आणि त्याभोवती शून्य व एक यांतून उमललेल्या संख्यांचे कोष्टक. एक म्हणजे परमेश्वर, शून्य म्हणजे अभाव. आणि जशा सर्व संख्या या दोहोंतून येतात, तशी सारी सृष्टी परमेश्वराने अभावातून घडवली, असा त्याचा भावार्थ होता. सात ही संख्या द्विमानात १११ अशी लिहिली जाते, तीत शून्य उरत नाही. सातव्या दिवशी निर्मिती पूर्ण झाली आणि या तीन एकांत पवित्र त्रैक्याची खूण आहे, असेही ते सुचवीत.

गणित हे श्रद्धेचा पुरावा आहे, असे येथे समजू नये. ते दृष्टान्त आहे. पण दृष्टान्ताचे सामर्थ्य आपण शुभवर्तमानातून जाणतोच.

पेकिंगहून आलेले पत्र

१६८९ साली लायब्निझ रोममध्ये होते. तेथे चीनमध्ये कार्य करणारे येशूसंघीय धर्मगुरू क्लाउदियो फिलिप्पो ग्रिमाल्डी यांच्याशी त्यांची भेट झाली आणि चीनविषयी त्यांना आयुष्यभर पुरेल असे कुतूहल लागले. पूर्वेकडील लोकांना शिकवण्याइतकेच त्यांच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे, अशी त्यांची धारणा बनली. १६९७ साली त्यांनी चीनमधील मिशनकार्याविषयीचा एक ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला.

तो वाचून पेकिंगच्या कांग्शी सम्राटाच्या दरबारी असलेले फ्रेंच येशूसंघीय फादर योआकिम बुव्हे यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. लायब्निझ यांनी त्यांना शून्य-एकाचे गणित कळवले. नोव्हेंबर १७०१ मध्ये बुव्हे यांनी उत्तर लिहिले आणि सोबत प्राचीन चिनी ग्रंथातील चौसष्ट आकृत्यांची मांडणी पाठवली. प्रत्येक आकृतीत सहा रेषा. काही अखंड, काही मधे तुटलेल्या. हे पत्र लायब्निझ यांच्या हाती पडायला एप्रिल १७०३ उजाडले. अखंड रेषेला एक आणि तुटलेल्या रेषेला शून्य मानले की शून्यापासून त्रेसष्टपर्यंतच्या सर्व संख्या ओळीने उभ्या राहतात, हे पाहून त्यांना अत्यानंद झाला. द्विमान गणितावरील आपला निबंध त्यांनी ताबडतोब पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवला.

ती मांडणी अकराव्या शतकातील शाओ योंग या चिनी विद्वानाची होती आणि तिचा हेतू आकडेमोड हा नव्हता, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. लायब्निझ आणि बुव्हे यांनी तिचा जो प्राचीन अर्थ लावला, तो टिकला नाही. टिकली ती त्यामागची वृत्ती. परक्या संस्कृतीत परमेश्वराच्या सत्याचे किरण असू शकतात, या विश्वासाने फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओवीत ख्रिस्तपुराण छापले होते. लायब्निझ त्याच वृत्तीचे होते. चिनी पूर्वजपूजेच्या विधींवरून वाद पेटला, तेव्हा त्यांनी येशूसंघीयांची बाजू उचलून धरली. १७१५ साली ते विधी निषिद्ध ठरले. १९३९ साली ख्रिस्तसभेने ती बंदी शिथिल केली. लायब्निझ यांचे देशबांधव असलेले जर्मन येशूसंघीय पुढे आपल्याकडेही आले. १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताचे पहिले बिशप बायडरलिंडेन हे त्यांपैकीच होते.

ऐक्याचे स्वप्न

हॅनोव्हरमध्ये १६८३ साली एक महत्त्वाचा संवाद घडला. फ्रान्सिस्कन बिशप क्रिस्टोबाल स्पिनोला सम्राटाच्या पाठिंब्याने आले. लुथरपंथीयांच्या बाजूने मठाधिपती मोलानुस होते. दोन्ही पक्षांना एकत्र आणण्याच्या या प्रयत्नांत लायब्निझ यांनी जीव ओतला. पुढे १६९१ पासून त्यांनी फ्रान्समधील मो येथील बिशप बोसुए यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. ट्रेंट परिषदेच्या अधिकारावर येऊन हा संवाद अडला. बोसुए परिषदेचे निर्णय पुन्हा चर्चेस घ्यावयास तयार नव्हते. लायब्निझ यांना ऐक्याआधी तेच हवे होते. काही वर्षे खंड पडून पत्रे पुन्हा सुरू झाली आणि १७०२ च्या सुमारास कायमची थांबली.

रोममध्ये असताना त्यांना व्हॅटिकन ग्रंथालयाचे पद देऊ करण्यात आले होते. अट एकच होती: कॅथलिक व्हावे. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मानमरातबासाठी पंथ बदलणे त्यांच्या सदसद्विवेकाला पटले नाही. कोपर्निकस यांच्या मतावरील बंदी उठवावी म्हणून त्याच काळात त्यांनी रोममध्ये प्रयत्न केले. तेही तेव्हा फळले नाहीत. गॅलिलिओ यांच्या बाबतीत चूक झाली हे १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीरपणे मान्य केले, तेव्हा लायब्निझ यांच्या त्या खटाटोपाला तीनशे वर्षे उलटून गेली होती.

एकाकी अखेर

उतारवय कष्टाचे गेले. कलनशास्त्र प्रथम कोणी शोधले यावरून न्यूटन यांच्या समर्थकांनी त्यांच्यावर चोरीचा आरोप केला आणि रॉयल सोसायटीच्या चौकशीत निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधले, हे आज सर्वमान्य आहे. १७१४ साली हॅनोव्हरचे राजे इंग्लंडच्या गादीवर बसले आणि दरबार लंडनला गेला. लायब्निझ यांना मात्र राजघराण्याचा अपुरा इतिहास पूर्ण करण्यासाठी मागे ठेवण्यात आले.

ते चर्चमध्ये क्वचितच दिसत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांच्या नावाची मोडतोड करून, कशावरही विश्वास नसलेला, अशा अर्थाचे टोपणनाव त्यांना दिले होते. ज्याने शून्याशेजारी परमेश्वराचा एक पाहिला, त्याच्या शेजाऱ्यांना त्याच्यात केवळ शून्य दिसले.

१४ नोव्हेंबर १७१६ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आपण ज्या दिवशी बालदिन साजरा करतो, तोच हा दिवस. अंत्यविधीला दरबारातून कोणी आले नाही. त्यांचे सचिव एकहार्ट तेवढे उपस्थित होते. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांच्या कबरीवर नावाची शिळाही नव्हती. त्यांनी मागे ठेवलेली सुमारे पंधरा हजार पत्रे हॅनोव्हरमध्ये जतन झाली. २००७ साली युनेस्कोने त्या पत्रव्यवहाराची नोंद जगाच्या स्मृतिठेव्यात केली.

बीज उगवले

द्विमान गणिताचा प्रत्यक्ष उपयोग लायब्निझ यांना पाहायला मिळाला नाही. १८५४ साली जॉर्ज बूल यांनी खरे आणि खोटे यांचे बीजगणित मांडले. १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी विजेच्या उघडझापीतून ते कसे साधता येते हे दाखवले. प्रख्यात एनिॲक यंत्र अजून दशमानच होते. पण १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी पुढच्या यंत्राच्या आराखड्यात द्विमान स्वीकारले आणि बहुतेक संगणकांनी तीच वाट धरली. कारण साधे आहे. वीज आहे किंवा नाही, हे यंत्राला चटकन ओळखता येते. दहा पायऱ्या ओळखणे अवघड जाते. १९४९ साली इटालियन येशूसंघीय फादर रोबेर्तो बुसा यांनी आयबीएमच्या साहाय्याने संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतील शब्दांची सूची यंत्रावर करण्यास आरंभ केला. श्रद्धा आणि संगणक यांचे नाते असे संगणकाच्या बाल्यापासून आहे.

ख्रिस्ती ऐक्याचेही काहीसे तसेच झाले. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यावरील आदेशपत्र संमत केले. १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरपंथीय यांनी नीतिमत्त्व ठरण्याच्या सिद्धान्तावर संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. ज्या विषयावरून चारशे ऐंशी वर्षांपूर्वी फाटाफूट सुरू झाली होती, त्या विषयावर पायाभूत सहमती झाली. पूर्ण ऐक्य अजून दूर आहे. म्हणूनच दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या सप्ताहात आपण त्यासाठी प्रार्थना करतो.

आमच्या तरुण वाचकांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो. परीक्षेला बसताना कोष्टक घोकू नका, स्थान समजून घ्या. रोज पाच संख्या दशमानात आणा आणि पुन्हा द्विमानात न्या. आठवड्याभरात हात बसेल. प्रमाणपत्र मिळाले तर घराला आधार होईल, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही. पहिल्या वेळी अपयश आले तरी खचू नका. ज्यांनी हे गणित मांडले, त्यांना पदवी नाकारण्यात आली होती, त्यांचे यंत्र कागदावरच राहिले होते, त्यांचे ऐक्याचे प्रयत्न फसले होते. त्यांनी आपले काम नीटनेटके लिहून ठेवले आणि फळाचा काळ परमेश्वरावर सोपवला.

आपल्या धर्मग्रामातही असे अनेकजण असतात, ज्यांची गणती कोणी करीत नाही. मंदिर झाडणारे, आजाऱ्यांची विचारपूस करणारे, मुलांना धर्मशिक्षणाला आणून सोडणारे. ते आपल्या जागी उभे असतात म्हणून समुदायाची किंमत वाढते. त्यांचे आणि परीक्षेला बसणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींचे कार्य प्रभू आशीर्वादित करो, हीच प्रार्थना.